अंगाचा मातीचा वास

“सून देखणी आहे हो, पण तिच्या अंगाचा मातीचा वास काही जात नाही,” म्हातारी भुंगेरी पानाआडून शेजारणीला म्हणाली. सून वरच्याच पानावर बसली होती. तिने ऐकले आणि गुपचूप पान कुरतडत राहिली.

मुलांनो, भुईमुगाच्या शेताच्या बांधावर एक कडुनिंब होता. त्यावर तपकिरी भुंगेऱ्यांचे मोठे कुटुंब राहत असे. दिवस मावळला की सगळे पाने खात आणि खाता खाता दुसऱ्यांना नावे ठेवत. पहाटे बायका खाली उतरून मातीत अंडी पुरत, पाय झटकून वर येत. त्या अंड्यांचे पुढे काय होते, हे कुणी विचारत नसे. घरची रीतच तशी. नव्या सुनेला मात्र काहीबाही आठवे. काळोख, गोड मुळ्या, आपले मऊ पांढरे अंग, मग एक लांब झोप. पण भुंगेऱ्याचे अंग पांढरे कसे असेल? स्वप्नच असावे, असे तिला वाटे. पुन्हा वाटे, स्वप्नाची चव अशी तोंडात राहते का?

एका संध्याकाळी झाडावर घबराट पसरली. भुईमूग जागोजागी पिवळा पडला होता आणि उद्या शेतकरी फांद्या झोडपून भुंगेरे गोळा करणार होता.

“मुळ्या खाते ती मातीतली हुमणी अळी, आणि मार आपल्याला,” सासरे कुरकुरले.

“आमच्या घराण्यात मुळीला कुणी तोंड लावलेलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आम्ही पानं खाणारी माणसं. ती हुमणी बघा, पांढरी, मऊ, वाकडी. काळोखात लोळायचं आणि खायचं.”

सुनेचा घास तोंडातच राहिला.

शेवटी ठरले की हुमणी साळुंकीच्या तोंडी द्यायची, म्हणजे पीक वाचेल आणि झाडही. साळुंकी घरट्याकडे निघाली होती. सगळ्यांनी पानाआड दडूनच तिला हाक मारली. ती कुंपणावर टेकली. “खाईन की. पण उगाच ढेकळं उकरायची मला हौस नाही. नेमकी जागा सांगा.”

जागा कुणालाच ठाऊक नव्हती. सासूबाई सुनेकडे वळल्या. “तू सारखी खाली मातीत डोळे लावून असतेस. सांग बाई तिला.”

सून गोंधळली. तिने खाली मातीकडे पाहिले. मग सासूबाईंच्या पायांकडे पाहिले. पहाटे झटकूनही उरलेली माती अजून तिथे चिकटलेली होती. सुनेला ज्यावरून नावे ठेवत, तोच तो मातीचा वास होता. मग सून सावकाश म्हणाली,

“सांगते की. पण सासूबाई, आपण रोज पहाटे अंडी पुरतो, तिथूनच तिला सुरुवात करायला सांगू ना?”

तात्पर्य : ज्याच्याकडे शत्रू म्हणून बोट दाखवायचे, तो आपल्याच घरातून तर निघाला नाही ना, हे आधी पाहावे.