निघताना 'येतो' म्हणावं

साळिंदराला अजून काटे फुटले नव्हते, तेव्हाची गोष्ट. कासवबाईंच्या शाळेत हरणाचं एक आंधळं पाडस होतं, भिंगरी तिचं नाव. एकदा ती कापशा सशाला रंगून गोष्ट सांगत होती. कापशा मध्येच गुपचूप उठून गेला. भिंगरी रिकाम्या जागेशी बोलत राहिली आणि सगळे खो खो हसले. तेव्हापासून तिनं बोलणंच टाकलं.

कासवबाई तिला म्हणाल्या, "आवाजाकडे तोंड कर. शंका आली की खुशाल विचार, 'आहेस ना?'" मग वर्गावर कडाडल्या, "आणि तुम्ही! आल्यावर नाव सांगायचं, निघताना 'येतो' म्हणायचं. घरी शिकवलं नाही का?"

शरमलेला कापशा त्यानंतर एकदाही चुकला नाही. भिंगरीही पुन्हा बोलू लागली.

एका संध्याकाळी लपाछपी संपली, तरी कापशा दिसेना.

"गेला असेल घरी," म्हणत सगळे निघाले.

भिंगरी जागची हलली नाही. "मला 'येतो' म्हटल्याशिवाय तो जायचा नाही. इथंच आहे तो." तिनं कान टवकारून हाक मारली, "कापशा, आहेस ना?"

ढासळलेल्या बिळातून क्षीण आवाज आला, "आहे गं!"

सगळ्यांनी भराभर माती उकरली. धुळीनं माखलेला कापशा बाहेर पडला, तो थेट तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"भिंगरी, मी कापशा. आलो."