साळुंक्यांची परीक्षा

एका राज्यात गणिताच्या परीक्षेचा दिवस उजाडला, की आया लेकरांना पोटाशी धरून रडत. कारण नापास झालेले मूल घरी येत नसे. त्याची साळुंकी होई आणि ती परीक्षागृहाच्या छपरावर जाऊन बसे. छप्पर साळुंक्यांनी काळे पडले होते. डोळे मात्र साऱ्यांचे मुलांचेच. दिवसभर त्या पाढे पुटपुटत, आणि पाढा पुरा एकीचाही होत नसे.

राजा शूरवर्म्याला याचा अभिमान होता, बरे का! "अशी कठीण परीक्षा त्रिभुवनात नाही," असे तो मिशांना पीळ देऊन सांगे. प्रश्न काढी जादूगार वज्रदंष्ट्र. तपासण्याची रीतही त्याचीच. उत्तराची ओळ तेवढी उघडी ठेवायची, बाकीची पाटी काळ्या कापडाने झाकायची.

आचार्या हेमांगीची लेक वैदर्भी त्या छपरावर होती. लेकीला सोडवायचे म्हणून हेमांगी जादूगारापुढे जाऊन उभी राहिली.

"शाप कशाने सुटेल?"

"तीन प्रश्न काढ. पहिल्यात शिकलेला अडू नये. दुसऱ्यात घोकणारा सुटू नये. तिसऱ्यात चुकलेल्याचेही ज्ञान दिसावे. मग पाट्या न्यायाने तपास. चुकलीस तर तूही छपरावर."

साळुंक्या खाली उतरल्या आणि चोचीत लेखण्या धरून ओळीने बसल्या.

पहिला प्रश्न हेमांगीने जहाजातल्या मालाचा घातला. राज्य डोंगरातले. एका साळुंकीने विचारले, "जहाज म्हणजे काय?" त्याबरोबर हेमांगीच्या मनगटातून काळे पीस फुटले. मूल हिशेबाला नव्हे, शब्दाला अडले होते! तिने जहाज पुसून टाकले आणि टोपलीभर बोरे वाटायला दिली. लेखण्या चालू लागल्या.

दुसऱ्या प्रश्नात दोघी बहिणींची शेते होती. एकीचे आठ काठ्या लांब, दोन रुंद; दुसरीचे पाच लांब, पाच रुंद. कुंपण दोन्हींना सारखेच लागते, मग वाटणी सारखी झाली का? का, तेही लिहा. नुसती सूत्रे घोकलेल्या चोची जागीच थबकल्या.

तिसरा प्रश्न हौद भरण्याचा, चार पायऱ्यांनी सुटणारा.

पाट्या आल्या. नाव एकीवरही नव्हते. हेमांगीने काळी कापडे ओढून काढली. एका पाटीवर हौदाचा पहिलाच गुणाकार चुकला होता, पुढचे सारे बिनचूक.

"चुकीचा एक गुण गेला. बाकीचे ज्याचे त्याला," ती म्हणाली.

पुढच्या पाटीवर तिसऱ्याचे नुसते उत्तर, शेजारच्या पाटीवरून उचललेले. बाकी सारी कोरी. वज्रदंष्ट्र तिच्या कानाशी कुजबुजला, "ही तुझ्या लेकीची असेल तर?"

हेमांगीने पास लिहायला लेखणी उचलली. आई ती, काळीज हलणारच. पिसे कोपरापर्यंत चढली.

"असेल तर असो. नापास."

पिसे गळू लागली. आधी तिच्या हाताची, मग साऱ्यांची. पास झालेल्यांची गळली, नापास झालेल्यांचीही गळली. वज्रदंष्ट्राचा अंगरखा जमिनीवर पडला. त्यात कुणीच नव्हते.

राजाने मान खाली घालून फर्मान काढले, की नापासाला पुन्हा शिकवावे आणि पुन्हा परीक्षेला बसवावे. तेव्हापासून त्या राज्यात मुले नापास होतात, रडतात आणि घरी जेवायला येतात.

गर्दीतून वैदर्भी पुढे आली, पण आईजवळ यायला घाबरली.

"आई, ती कोरी पाटी माझी होती. मला हौदाचे येतच नाही."

"पाटी पाहून कळले ते," हेमांगी म्हणाली आणि तिने लेकीला कडेवर उचलले. "चल, घरी जाऊन शिकवते."