सावलीचे माप

त्या पठारावर प्रत्येकाची सावली त्याच्या खेळावर ठरत असे. सूर्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. सकाळी जेवढी, तेवढीच भर दुपारी, आणि आभाळ झाकोळून आले तरी तेवढीच.

पठाराच्या मधोमध सपाट कातळ होता आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या घरांचे पट आखलेले होते. प्यादी म्हणजे बोराच्या बिया, वजीर म्हणजे हिरडा, राजा म्हणजे ओढ्यातला गुळगुळीत गोटा. दोघांनी समोरासमोर बसायचे, डाव मांडायचा आणि एकाने दुसऱ्याच्या राजाला मात द्यायची. डाव संपला की हरणाऱ्याच्या सावलीचा एक तुकडा सुटून जिंकणाऱ्याच्या सावलीला जाऊन चिकटे. पण तो तुकडा नेहमी सारखा नसे. लांब सावलीवाल्याने आखूड सावलीवाल्याला हरवले, तर त्याला जेमतेम नखभर मिळे, कारण तो जिंकणार हे सगळ्यांनी धरलेलेच असे. आखूड सावलीवाल्याने लांब सावलीवाल्याला हरवले, तर मात्र हातभर सावली इकडची तिकडे होई. डाव बरोबरीत सुटला, तरी लांब सावलीतून थोडे गळून आखूड सावलीत जाई. मापाचे काम एका म्हाताऱ्या घोरपडीकडे होते; ती हजर नसली, तर सावली हलत नसे. ती डावाशेजारी डोळे मिटून पडून राही, डाव संपला की उठे, आपली शेपूट सावलीला लावून पाही आणि माप मोठ्याने सांगे. तिने कधी कुणाला झुकते माप दिले नाही, यावर पठारावर दुमत नव्हते.

त्यामुळे तिथली जनावरे एकमेकांना भेटली की आधी पायाशी बघत आणि मग तोंडाकडे.

सोनकी नावाचे एक भेकर तिथे राहत असे. तिला हा खेळ भिवा नावाच्या साळिंदराने शिकवला होता. दोघांच्या सावल्या तेव्हा गवताच्या काडीएवढ्या होत्या आणि त्या रोज इकडून तिकडे उड्या मारत. आज सोनकीची मोठी, उद्या भिवाची. नव्या खेळाडूची सावली अशीच चंचल असते. जुन्या खेळाडूची सावली जड होते आणि थोडीथोडीच सरकते. त्या दिवसांत सोनकी हरली, तरी पटावरून उठताना म्हणायची, "भिवादादा, तो घोडा तू कुठून आणलास रे? परत मांड, मला बघू दे." आणि भिवा परत मांडायचा.

सोनकीला खेळ चांगला उमजला. तिची सावली वाढत गेली. एका सुगीच्या मोसमात तिने वरच्या थरातल्या एका वानराला हरवले आणि तिची सावली सरकत सरकत कातळात कोरलेल्या एका रेघेपर्यंत पोचली, रेघेला शिवली आणि केसभर पलीकडे गेली. त्या रेघेपलीकडे ज्याची सावली जाई, त्याला मातब्बर म्हणत. मातब्बरांना झऱ्याजवळच्या वरच्या थरावर जागा मिळे. घोरपडीने माप सांगितले तेव्हा सगळे कातळावर जमले आणि भिवाने आनंदाने सगळे काटे खळखळ वाजवले.

सोनकीची झोप उडाली ती त्या दिवसापासून.

उठल्याबरोबर ती सावलीचे टोक बघे. रेघेपलीकडे आहे ना? आहे. पाणी पिऊन आल्यावर पुन्हा बघे. कुणी डाव टाकू म्हटले, की पहिल्यांदा त्याच्या पायाशी बघून मनात हिशेब करी: जिंकले तर किती, हरले तर किती. लांब सावलीवाल्यांशी खेळावे, तर ते हरवतील. आखूड सावलीवाल्यांशी खेळावे, तर जिंकून नखभर आणि हरून हातभर. केसभर पलीकडे असलेल्या सावलीला दोन्ही परवडणारे नव्हते. मग तिचा खूर दुखू लागला, मग तिला ऊन बाधू लागले, मग अंगात कणकण राहू लागली. ती पटाशी जाऊन बसे आणि दुसऱ्यांचे डाव बघे.

भिवा एकदा वरच्या थरावर आला. त्याची सावली तिच्या निम्म्याने होती.

"चल, एक डाव होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "किती दिवस झाले!"

सोनकीने त्याच्या पायाशी पाहिले. भिवाने ते पाहिलेले पाहिले.

"आज नको दादा," ती म्हणाली. "आज जरा..."

"खूर दुखतोय?"

"हो."

"बरं," भिवा म्हणाला. तो निघाला आणि दोन पावलांवर थांबला. मग म्हणाला, "मापाडीला नको बोलवू. असाच खेळू, आपल्यापुरता."

सोनकीला मोह झाला. पण असा डाव हरला आणि कुणी पाहिले, तर? सावली हलणार नाही, पण नाव? तिने नकारार्थी मान हलवली. भिवा उतारावरून खाली गेला. त्याचे काटे अंगाला अगदी चापून बसले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खालच्या रानातून एक खवल्या मांजर पठारावर राहायला आले. तिला सगळे गोदाक्का म्हणू लागले. खालच्या रानातही हाच खेळ चाले, पण तिथे मापाडी नव्हता, त्यामुळे आयुष्यभर खेळूनही गोदाक्काची सावली बोटभरच होती. पठारावर आल्यावर ती दिसेल त्याला विचारी, "बसता का डावाला?" आणि एका सकाळी, वरच्या थरावर सगळे मातब्बर झऱ्याशी बसलेले असताना, तिने सोनकीला विचारले.

"बाई, तुमचं नाव फार ऐकलंय. बसता का?"

सोनकीने ती बोटभर सावली पाहिली. अशा सावलीचा भरवसा नसतो. ती कशाची आहे, हे कुणालाच ठाऊक नसते.

"माझा खूर..." तिने सुरुवात केली.

"खूर कशाला लागतो बसायला?" वानर म्हणाले आणि मातब्बर हसले. "बोटभर सावलीला भ्यालीस की काय?"

सोनकी खेळायला बसली. घोरपड येऊन शेजारी पडली आणि तिने डोळे मिटले.

डाव चांगला लागला होता. मध्यावर सोनकीला एक चाल दिसली: उंट बळी देऊन राजाभोवतीचा कोट फोडायचा. तिच्या अंगावर जुना, ओळखीचा काटा आला. ही चाल भिवाला दाखवली असती, तर त्याने पटाभोवती गिरकी घेतली असती. तिने खूर उंटाकडे नेला. तेवढ्यात तिची नजर पटावरून घसरून आपल्या सावलीच्या टोकावर गेली. उंट गेला आणि पुढचे जमले नाही, तर? तिने खूर मागे घेतला आणि एक प्यादे सरकवले. मग दुसरे. शेवटी ती म्हणाली, "बरोबरी मान्य आहे का?" बरोबरीतही तिचे नुकसानच होते, पण ते थोडे होते.

गोदाक्काने मान वर केली. "बरोबरी? अहो, आत्ता कुठे रंग भरायला लागलाय!"

त्यानंतर सोनकी प्रत्येक खेळीत पटापेक्षा सावलीकडे जास्त पाहत होती. तिचा हत्ती कोपऱ्यात अडकला, वजीर पळत सुटला आणि राजा उघडा पडला.

"मात," गोदाक्का म्हणाली. मग घाईघाईने पुढे वाकली. "पण काय सुंदर मांडणी होती तुमची! तो उंट टाकला असतात ना मघाशी, तर माझं काही खरं नव्हतं. मी तर श्वास रोखून बसले होते."

सोनकीने ते ऐकले नाही. सावलीचा हातभर तुकडा सुटताना काही दुखत नाही. तो फक्त सुटतो. घोरपडीने शेपूट लावली आणि माप सांगितले. सावलीचे टोक रेघेच्या पुष्कळ अलीकडे होते. आपापसातले बोलणे पुन्हा सुरू करताना मातब्बर तिच्याकडे पाठ करून बसले. संध्याकाळच्या आत ती खालच्या थरावर आली.

तिथे भिवा एकटाच पटाशी होता. त्याने तिला पाहून जागा केली. "ये. टाकायचा?"

"नको दादा. आता उरलीय तेवढी तरी राहू दे."

रात्रभर तिने विचार केला. सावली वाढवायची हाव नको, पण उरलेली राखायची कशी? आणि तिला थोरल्या गव्याची आठवण झाली. माथ्यावरच्या करवंदीच्या जाळीपासून निघालेली त्याची सावली निम्मा उतार व्यापून होती. गेल्या कित्येक मोसमांत तो एकही डाव खेळला नव्हता आणि त्याची सावली एका केसाने कमी झाली नव्हती. तिच्यात पाय टाकायची कुणाची छाती नव्हती. सगळे तिच्या काठाशी थांबून मान लववीत आणि वळसा घालून जात. निर्भयपणे कसे जगायचे, हे ज्याला कळले असेल तो हाच, असे सोनकीला वाटले.

उजाडताच ती निघाली. सावलीच्या काठाकाठाने चढत गेली. तो काळोख गार होता आणि त्याला कसलाच वास नव्हता. माथ्यावर पोचल्यावर तिने जाळीबाहेरूनच हाक मारली, "थोरले!" उत्तर आले नाही. तिने भीतभीत फांद्या बाजूला केल्या आणि आत पाहिले.

आत चार खुरांचे खोल ठसे होते. त्यांत पाणी साचले होते आणि पाण्यावर शेवाळ धरले होते. ठशांच्या मधल्या मातीत करवंदीची कोवळी रोपे रुजली होती. ती अफाट सावली त्या चार ठशांपासून सुरू होत होती.

मागे पाला वाजला. घोरपड माप घ्यायला वर आली होती. तिने ठशांशी शेपूट लावली आणि पुटपुटत मोजू लागली.

"आजी," सोनकी म्हणाली, "तो कुठे गेला?"

"कोण?"

"गवा!"

घोरपडीने पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडले आणि इकडेतिकडे पाहिले, जणू हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

"मी सावली मोजते, पोरी," ती म्हणाली. "जनावराचं मला कुणी सांगितलेलं नाही."

"पण मग ही सावली..."

"हरल्याशिवाय सावली कमी होत नाही. तो हरलेला नाही." तिने शेपूट उचलली, उताराकडे तोंड केले आणि खणखणीत आवाजात माप पुकारले. जेवढे होते तेवढेच. खाली, काठाशी उभ्या असलेल्यांनी माना लवविल्या.

सोनकी पहिल्यांदा सावकाश उतरली, मग तिचे पाय सुटले आणि ती धावत सुटली. वाटेतल्या त्या थोरल्या काळोखातून ती सरळ आरपार गेली. कातळावर भिवा बिया मांडत होता. ती धापा टाकत त्याच्यासमोर बसली.

"मांड," ती म्हणाली.

"काय झालं गं? थरथरतेस किती!"

"तू मांड आधी."

"मापाडी लागेल ना?"

"येऊ दे."

भिवाने डाव मांडला. सोनकीने घाईने पहिले प्यादे पुढे सरकवले आणि ते दुसऱ्यावर आपटले. भिवा काटे खळखळवून हसला. तिनेही श्वास सोडला आणि ती पटावर ओणवी झाली.

दुपारी वारा सुटला. कातळावर त्या दोघांच्या सावल्या एकमेकींवर पडल्या होत्या, गवतासारख्या हलत होत्या, प्रत्येक डावाला पुढे-मागे होत होत्या. वरच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या वाऱ्याने सपासप वाकत होत्या. त्यांच्यावरून पसरलेली ती थोरली सावली मात्र जरासुद्धा हलत नव्हती.