भूकंपानंतरच्या हाका

खूप खूप वर्षांमागची गोष्ट. एक कोष्टी आपला मुलूख सोडून दूरच्या डोंगराळ राज्यात गेला. तिथल्या राणीला त्याचं कापड आवडलं आणि त्याला एका गावात घर व माग मिळाला.

हाताला काम होतं, पोटाला अन्न होतं. पण त्याचं मन तिथे कधी रमलंच नाही. 'दोन वर्षांत परत जायचं, मग ओळखी कशाला वाढवायच्या?' असं म्हणत त्याने नऊ वर्षं काढली. तिथली बोली तो कापड विकण्यापुरतीच शिकला.

शेजारची म्हातारी रोज कुंपणावरून विचारायची, "जेवलास का रे?"

तो नुसती मान हलवायचा आणि दार लावून घ्यायचा. मग आत बसून स्वतःशीच म्हणायचा, "या देशात माझं कुणीच नाही."

एके दिवशी भर दुपारी मागाचे धागे आपोआप थरथरू लागले. फळीवरची मडकी खाली आली. पायाखालची जमीन नावेसारखी डोलली. त्याच्या मुलखात असं कधी झालं नव्हतं. बाहेर लोक एकच शब्द ओरडत पळत होते. तो शब्द त्याला कळला नाही. तो नुसता त्यांच्यामागे धावला.

सगळे गावाबाहेरच्या माळावर जमले. जमीन शांत झाली आणि हाका सुरू झाल्या. आया लेकरांना शोधत होत्या, भाऊ बहिणींना. हाकेला ओ आली की माणसं गळ्यात पडून रडत.

कोष्टी एका बाजूला उभा होता. त्याच्या नावाने कुणी हाक मारली नाही. मारणार कशी? त्याचं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. आपण वाचलो हे सांगायचं तरी कुणाला? त्याची आई दूर आपल्या मुलखात, सहा महिन्यांच्या वाटेवर होती.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, शेजारच्या म्हातारीलाही कुणी शोधत नव्हतं. आणि ती माळावर नव्हती.

तो उलटा धावला. म्हातारीचं घर कोसळलं होतं. हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तो थबकला. नऊ वर्षांत त्याने तिचं नाव विचारलं नव्हतं. शेवटी तो आपल्याच भाषेत ओरडला, "आजी! अगं आजी!"

ढिगाऱ्याखालून क्षीण आवाज आला.

दगड उपसताना त्याची बोटं सोलून निघाली. त्याचं ओरडणं ऐकून गावकरीही धावून आले. संध्याकाळी म्हातारी बाहेर निघाली. पाय मोडला होता, पण जीव शाबूत होता.

"नाव काय रे तुझं?" तिने विचारलं.

"सोनबा," तो म्हणाला. "तुझं गं?"

"दोरमी. आधी विचारलं असतंस, तर आधीच सांगितलं असतं."

दोरमी आणखी तीन वर्षं जगली. ती गेली तेव्हा गावकरी समाचाराला आले, ते कोष्ट्याच्या दारात. त्यांच्यात बसून तो पोटभर रडला.

परक्या मुलखात आपलं कुणी नाही असं म्हणण्याआधी, आपण तिथे कुणाचे झालो का, हे माणसाने स्वतःला विचारावं.