पडद्याआडची कणगी

कोकणातल्या एका गावात बेने इस्रायल ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर होतं. तिथे पडद्याआड तांदळाची कणगी असे. सणाआधी जो तो झाकलेली टोपली घेऊन एकेकटा आत जाई. ज्याच्याकडे असेल तो ओती, नसेल तो भरून नेई. बाहेरच्यांना काही कळत नसे.

गलबतांचे मालक हसाजीशेट झिराडकर यांना हेच खुपायचं. एवढं द्यायचं आणि कोणाला दिसायचं नाही. एका सणाला ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हा पडदा काढा. कोण देतो, कोण नेतो, गावाला कळू दे."

काही जणांनी टोपल्या हळूच मागे सरकवल्या. तेव्हा म्हाताऱ्या रिबकाबाई उठल्या.

"काढा की शेट. पण तुमचं गलबत बुडालं, त्या वर्षीही तुम्ही टोपली घेऊन आत गेला होतात. ओतलंत की भरून नेलंत, आम्हाला ठाऊक नाही. ओतलंच असेल, असं आम्ही धरून चाललो. गावात कोणी कुजबुजलं नाही, ते या पडद्यामुळे."

शेट खाली बसले.

पुढच्या सणाला तिथे नवा पडदा होता, चांगला जाड. तो कोणी दिला, हे आजवर कोणाला कळलेलं नाही.