लोकरीची लड

“या कंपन्यांना मुली फक्त जाहिरातीत हव्यात! त्यातून नाव आफरीन असलं, की मुलाखत दोन मिनिटांत उरकतात. हे किती दिवस चालू द्यायचं, आपा?”

निनाद खोलीत येरझारा घालत होता. पुण्यातली नोकरी सांभाळून तो दर रविवारी मालेगावच्या या मोहल्ल्यात मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवायला यायचा, तेही फुकट. जुबेदा आपांनी लहानपणी त्याला गणित शिकवलं होतं.

“नाव ऐकून तोंडं वाकडी करतात, हे खरंय,” आपा म्हणाल्या. “त्यावर भांडायचंच. मीही येते. पण कंपनीच्या परवाच्या परीक्षेत तर नावं झाकलेली होती ना?”

“होती.”

“मग?”

निनाद थबकला. “हिला सगळं येतं, आपा. ऐनवेळी हातच चालले नाहीत.”

आफरीन खाली मान घालून उभी होती. उद्या तिला त्याच परीक्षेला पुन्हा बसायला मिळणार होतं. शेवटचं.

“कसं शिकवतोस, दाखव.”

निनाद कॉम्प्युटरसमोर बसला. बोटं भराभर धावू लागली. “हे असं घ्यायचं... मग हे. कळलं?”

“कळलं, सर.”

स्क्रीनवर चूक आली. आफरीनने बोट पुढे केलं. “सर, तिथे...”

“थांब, मी करतो.” क्षणात चूक गेली. “झालं!”

आपांनी आफरीनकडे पाहिलं. “तू काय केलंस?”

“बघितलं.”

...

“निनाद, ऊठ. जरा ही लड धर.” आपांनी त्याचे दोन्ही हात पुढे घेतले आणि त्यांवर लोकरीची लड चढवली. टोक काढून गोळा गुंडाळायला बसल्या. “हं. आता शिकव.”

आफरीन खुर्चीत बसली. एकेक अक्षर शोधत लिहू लागली. लाल ओळ उमटली.

“अगं, तो कंस—” निनाद झुकला. लोकर ताणली गेली.

“गुंता होईल,” आपा म्हणाल्या.

पुन्हा लाल. पुन्हा लाल. आफरीनने ओढणी मागे टाकली, सगळं पुसलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.

निनादचे हात भरून आले. ओठांवर आलेलं उत्तर त्याने गिळलं.

...

प्रोग्रॅम चालला.

लोकरीचा शेवटचा वेढाही तेवढ्यात निसटला. निनाद लगबगीने खुर्चीकडे सरकला. “छान! आता यापेक्षा सोपी रीत मी तुला—”

आफरीनने कीबोर्डवरचे हात काढले नाहीत. मागे वळूनही पाहिलं नाही.

“आपा, अजून एखादी लड आहे का?”