ओटीतली माती

एका गावात सगळेजण साखरबीट पिकवायचे. पांढरे, जाडजूड कंद. चिरून उकळले की त्यांचा गोड पाक होई. या गावात एक रीत होती. ज्याचं पीक सर्वांत चांगलं, त्याच्या शेतातली मूठभर माती पेरणीआधी सगळे मागून नेत आणि आपल्या रानात मिसळत.

कित्येक वर्षं हा मान एकाच म्हाताऱ्याकडे होता. मान मोठा गोड असतो, साखरबिटाहूनही गोड. म्हाताऱ्याला त्याची चटक लागली होती.

एका हंगामात त्याच्या शेतातल्या खोलगट जागी, जिथे पाणी साचायचं, तिथली पानं भर दुपारी माना टाकू लागली. बाकी शेत हिरवंगार होतं. त्याने एक कंद उपटून पाहिला. तो खालून काळा पडून सडला होता आणि त्याला घाण वास येत होता. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कंद तिथेच मातीत दाबून टाकला. काढणीच्या वेळीही त्याने चांगले कंद तेवढे लोकांना दिसतील असे रचले आणि सडके शेतातच गाडले.

पुढची पेरणी जवळ आली. बायकोने परोपरीने सांगितलं, की रोग मातीत उतरलाय, यंदा कुणालाही माती देऊ नका. म्हाताऱ्यालाही ते कळत होतं. पण नाही म्हटलं तर लोक कारण विचारणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्याने तिला गप्प बसवलं.

लोक आले, माती घेऊन गेले. शेवटी त्याची लेक सगुणा आली. गावातच दिली होती तिला. नवऱ्याच्या बरोबरीने खपून तिने पडीक रान नुकतंच लागवडीखाली आणलं होतं.

पदर पसरून ती म्हणाली, "आबा, मला दोन मुठी घाला. पहिलंच पीक आहे."

म्हातारा मूठ भरता भरता थांबला. पण बांधावर चार माणसं उभी होती. त्याने लेकीची ओटी भरली.

गावभर रोपं उगवली, आणि मग जमिनीलगत दोऱ्यासारखी बारीक, काळी होऊन आडवी पडली. लोकांनी पावसाला दोष दिला. सगुणाने पुन्हा पेरलं. तेही गेलं.

एके दिवशी ती माहेरी आली आणि उंबऱ्यातच बसली. "आबा, तुमची माती सोन्यासारखी होती," ती म्हणाली. "माझ्याच हाताला यश नाही. दुसऱ्यांदा पेरलं तेही गेलं, म्हणून सासरी सगळे तेच म्हणतात."

ती रागावली असती तर म्हाताऱ्याने सोसलं असतं. हे त्याला सोसवेना.

"तुझा हात चांगलाच आहे, पोरी. माझीच माती सडकी होती."

"ओटीत घालताना ठाऊक होतं?"

"होतं," म्हातारा म्हणाला. सगुणा उठून गेली.

म्हाताऱ्याने गावाला सगळं खरं सांगितलं. पुढे कित्येक वर्षं गावाने बीट सोडून ज्वारी पेरली, तेव्हा कुठे माती हळूहळू सुधारली. सगुणा सणावाराला माहेरी येई, आईबापांचं सगळं करी. निघताना आई तिची ओटी भरे. मग म्हातारा मूठभर ज्वारी घेऊन पुढे येई. तोवर तिने पदर खोचलेला असे.

तात्पर्य: आपल्याकडची सड वेळीच सांगून टाकावी; मानापायी झाकली, तर ती आपल्याच माणसांच्या पदरात पडते.